नमुना एकोणचाळीस, तिसरा थर

दुपारी साडेतीनच्या सुमारास एकोणचाळीसाव्या नळीतलं पाणी गडद निळं झालं आणि सुचिताच्या हातातली पिपेट सुटता सुटता राहिली. तसं त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. गेल्या आठ दिवसांत तिनं शंभरावर नळ्या निळ्या केल्या होत्या. मातीचा अर्क काढायचा, त्यात दोन द्रावणं टाकायची, दहा मिनिटं थांबायचं. मातीत फॉस्फरस जितका जास्त तितकं पाणी निळं. कोळदऱ्याच्या रानातली माती गरीब, म्हणून बाकीच्या नळ्या कशा, तर सदऱ्याला नीळ लागली न लागली अशा. आणि ही एकच, दौतीतल्या शाईसारखी. बुलढाण्यातल्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडकीतून ऊन आत आलं होतं, खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता, आणि स्टँडवरची ती एक नळी उन्हातसुद्धा काळवंडून उभी होती. सुचितानं पिशवीवरची चिठ्ठी पाहिली. पट्टा तिसरा, जागा तेरा, थर तिसरा. म्हणजे जमिनीखाली दोन ते तीन फूट. तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग तिला जाणवलं, की जागा तेरा म्हणजे कुठली, हे तिला चिठ्ठी न वाचताही माहीत होतं. नमुने घेतले त्या दिवशी, मापानं आखलेल्या चौकोनात पाय ठेवतानाच तिला ते कळलं होतं, आणि तरीही तिनं गिरमिट फिरवलं होतं.

"कोनं बकऱ्या बसोल्या असतीन तिथं," प्रयोगशाळेतले जुने मदतनीस इंद्रभान भाऊ मागून डोकावून म्हणाले. "लेंडीखताचं असंच निघते म्याडम. मांगं एकदा चिखलीच्या वावराचं निघालं होतं."

"लेंडीखत वरच्या थरात दिसेल ना भाऊ. ह्याच जागेचे वरचे दोन थर बघा की. फिकेच आहेत."

"मंग खाली कोनं पेरलं?" ते हसून म्हणाले आणि चहाचे कप उचलून निघून गेले.

खाली कोणी पेरलं. सुचिता विद्यार्थ्यांना दर वर्षी हेच शिकवायची. नायट्रोजन उडून जातो, पोटॅश पाण्याबरोबर वाहतं, पण फॉस्फरस हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर चुना त्याला धरून बसतो, मुळालाही सहजासहजी देत नाही. मिश्र रानात पाचोळा कुजतो, त्यातून तो थोडा थोडा सुटतो आणि झाडांना मिळतो. साग लावला आणि पाचोळा दर वर्षी जाळला, तर राखेतून तो एकदम मोकळा होतो, दोन पावसाळे जमीन श्रीमंत वाटते, मग चुना त्याला पुन्हा ओढून घेतो. कोळदऱ्यात तिला तेच मोजायचं होतं. पहिला पट्टा कधीच न तोडलेल्या रानाचा. दुसऱ्या पट्ट्यात साग, पण पाचोळा तसाच ठेवलेला. तिसऱ्यात साग, आणि पाचोळा दर फाल्गुनात जाळलेला. तिसऱ्या पट्ट्यातला साग छत्तीस वर्षांत जेमतेम मांडीएवढा झाला होता. तो सगळा काढायचा, बुंधे मशीननं उपटायचे आणि नवीन रोपवन करायचं असं वर ठरत होतं, त्याआधी मातीचा अहवाल हवा होता. काम सोपं होतं. पण अडीच फुटांखाली राख जात नाही, खत जात नाही, पाचोळा जात नाही. तिथं फॉस्फरस सापडला, तर तो कोणीतरी खड्डा करून हातानं ठेवलेला असतो. आणि हाडात चुना असतो आणि फॉस्फरस असतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

तिनं बाकीच्या नळ्यांची मोजणी पूर्ण केली. हात नीट चालत होते. रोजच्या सवयीनं तिनं सगळ्या नळ्या बेसिनमध्ये ओतल्या, नळ सोडला, आणि निळं पाणी गोल फिरून जाळीतून खाली गेलं तेव्हा तिला कळलं आपण काय ओतलं ते. तिनं नळ बंद केला. मग पुन्हा सोडला. बेसिनच्या पांढऱ्या चिनीमातीवर एक फिकट निळी कड राहिली होती, ती तिनं बोटानं पुसली, आणि ते बोट कुठं पुसावं ते तिला कळेना.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. वडील, उकंडराव, कोळदऱ्यात वनखात्याचे रानराखे होते आणि रानाच्या कडेला त्यांना दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. शाळा लांब, आई सुलतानपूरला माहेरी बाळंतपणाला गेलेली, घरात ती आणि बाबा दोघंच. रानाच्या आत, नाल्याजवळच्या मोकळवणीत फकीर मोहम्मदचं बिऱ्हाड होतं. त्याच्या तीसेक बकऱ्या, बायको बिस्मिल्ला, आणि गुलनाज, सुचितापेक्षा वर्षानं मोठी. दुपारभर दोघी टेंभुर्णीच्या सावलीत बसायच्या. गुलनाज बकरीचं दूध सरळ तोंडात पिळून दाखवायची. त्या हिवाळ्यात बिस्मिल्लाला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांनी तापानं गेला. तीन मैलांवर गाव, तिथल्या लोकांशी फकीर मोहम्मदचं काही वाकडं होतं, म्हणून त्यानं त्याला तिथंच पुरलं, अंजनाच्या झाडाखाली. वर सात दगड लावले. गुलनाजनं तिला ती जागा दाखवली आणि म्हणाली, "कोनाले सांगजो नको. जंगलात पुरत नसते म्हने." सुचितानं पळसाची दोन फुलं नेऊन ठेवली होती. त्या फुलांचा रंग तिला नीट आठवत होता. बाळाचं तोंड तिनं पाहिलंच नव्हतं.

फाल्गुनात साहेब येणार, मोकळवणीत रोपवन होणार असं ठरलं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता बाबांनी सहज विचारलं, "सुचे, त्या फकीर मोहम्मदनं तिथं काही बांधलं-गिंधलं का? ओटा, दर्गा? असं काही असलं का मंग लोक म्हनतात जागा आमची हाये." बाबा तिच्याशी अशा कामाच्या गोष्टी कधी बोलत नसत. आपल्याला काहीतरी महत्त्वाचं विचारलं ह्याचाच तिला एवढा आनंद झाला, की ती म्हणाली, "ओटा नाई बाबा, कबर हाये. ल्हानशी." दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या पुढं पुढं चालत गेली. बाबांनी सात दगड उचलून नाल्यात टाकले, एकेक करून, फार जोरात नाही. मग अंजनाचं झाड पडलं. फकीर मोहम्मदची गाडी संध्याकाळी धाड गावाच्या वाटेला लागली, गाडीच्या मागं बकऱ्या, आणि बकऱ्यांच्या मागं गुलनाज. तिनं मागं वळून पाहिलं नाही. सकाळी सातला रान पेटलं. दोन दिवस राख घराच्या कौलांवर पडत होती, हौदातल्या पाण्यावर, भाकरीवर. सुचितानं ती राख खाल्लेली होती.

आता तिच्या अंगात एक हिशेब आपोआप सुरू झाला होता आणि तो थांबत नव्हता. सागाचं मूळ अडीच फूट सहज जातं. मूळ थोडंसं उचलतं, ते पानात चढतं, पान फाल्गुनात गळतं, पाचोळा जाळतात, राख उडते. म्हणजे छत्तीस वर्षं दर फाल्गुनात त्याचं थोडं थोडं वर येत होतं आणि जळत होतं, आणि पावसात पुन्हा मातीत जात होतं. जिना चढताना, फ्लॅटचं कुलूप काढताना, कुकर लावताना ती हेच मोजत होती. शेजारच्या घरात कुणीतरी मिरच्या तळल्या, त्याचा धूर आत आला तशी तिनं खिडकी लावून घेतली.

बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानानं, डोक्यानं शाबूत. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, कोळदऱ्यात फकीर मोहम्मदचं लेकरू पुरलं होतं. ते तिथून काढलं होतं का हो कोणी?"

उकंडरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. खालच्या रस्त्यावर एक जीप माणसं भरून निघाली होती, ती वळेपर्यंत ते बघत राहिले.

"आज काऊन इचारून राह्यली?"

"सांगा ना."

"आला होता तो माह्याकडं. एक रात मांगत होता. म्हने, उकंडराव, लेकराले घेऊन जातो, मंग लावा तुमचा जाळ. म्या म्हनलं, साहेब सकाळी येऊन राह्यला, खोदलेलं दिसलं तं माही नोकरी जाईन." त्यांनी लुंगी गुडघ्यावर ओढली. "नाई देली म्या रात. मले वाटलं, लपून येईन. म्हनून रातभर तिथंच बसलो होतो, दगडं उचलले होते तिथं. कोनी आलं नाई."

"आला असता तर?"

बाबांनी पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तेच तं. आला असता तं उठून गेलो असतो मी. दुसरीकडं तोंड करून उभा राह्यलो असतो. पन त्यानं यावं तं." त्यांनी चष्मा काढला आणि लुंगीच्या टोकानं पुसत राहिले. सुचिताला त्यांचा राग यायला हवा होता. तिनं तो शोधला. सापडलं ते एवढंच, की त्या रात्री एक माणूस दुसऱ्याची वाट बघत बसला होता आणि दुसऱ्याला बहुधा वाटत होतं की पहिला राखण करतोय.

रविवारी ती धाडला गेली. बाजाराचा दिवस नव्हता, तरी स्टँडजवळ पाचसात दुकानं लागली होती. फकीर मोहम्मद बकरीवाले म्हटल्यावर चहावाल्यानं लगेच सांगितलं, "ते तं चार सालांमांगं गेले. त्याईची पोरगी ते काय, मशीनवर." निंबाखाली शिलाई मशीन मांडून एक बाई शाळेच्या दप्तराची चेन बदलत होती. तोंडात सुई, नाकावर चष्मा. सुचिता समोर उभी राहिली तेव्हा तिनं आधी तिच्या हातातल्या पर्सकडं पाहिलं, चेन खराब आहे का म्हणून. मग वर पाहिलं.

"मी सुचिता. उकंडराव रानराख्याची."

गुलनाजनं तोंडातली सुई काढून काळजीपूर्वक गादीत टोचली. "हाव," ती म्हणाली. "दात तसेच हायेत तुहे." आणि मशीनवर कापड टाकत, "चाल घरी. अम्मी हाये."

बिस्मिल्ला ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. सत्तरीची, वाळकी, पण नजर धारदार. नाव सांगितल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सुचिताचा चेहरा दोन्ही हातात धरून पाहिला. सुचितानं वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची ते. माझ्यामुळं झालं, मीच दाखवलं, आणि आता मला जागा सापडली आहे. पर्समध्ये एकोणचाळीस नंबरची पिशवी होती, उरलेली माती, कुटलेली, चाळलेली, मैद्यासारखी बारीक. पण तिनं तोंड उघडायच्या आधीच बिस्मिल्ला म्हणाली, "तू आली ते बेस झालं बेटा. ल्हान्यासाठी तूनं फुलं नेले होते, गुलनाज सांगे. चाल, तुले दाखोतो."

कब्रस्तान घरामागंच होतं. भिंतीला लागून एक हातभर लांबीचा उंचवटा, चुन्यानं रंगवलेला, कडेनं सब्जाची रोपं. "हा माहा कामरान," बिस्मिल्ला म्हणाली. "तुह्या बापानं रात नाई देली, पन ह्याचे अब्बा बी कमी नव्हते. आमाले गाडीत बसोलं आन् रातीतून वापस गेले, एकटे. फजरले, दिवस उगाच्या आंधी, चादरीत घेऊन आले. इथं माती देली. दर जुम्म्याले येतो मी. छत्तीस सालात एक जुम्मा नाई चुकला." ती खाली वाकून सब्जाची वाळलेली पानं खुडू लागली. सुचितानं गुलनाजकडं पाहिलं. गुलनाज तिच्याकडंच बघत होती, आणि तिनं अगदी हळू, आईला दिसणार नाही इतपत, मान हलवली. नाही म्हणून.

पर्सचा पट्टा सुचिताच्या खांद्यात रुतत होता. पाव किलोसुद्धा वजन नव्हतं त्या पिशवीचं. ती ज्या सत्यावर आयुष्यभर पोट भरत आली होती, ते सत्य तिथं पर्समध्ये होतं, दोनदा तपासलेलं, आणि समोर एक म्हातारी रिकाम्या उंचवट्यावरची पानं खुडत होती. बोलली असती तर तिचं स्वतःचं मन हलकं झालं असतं. त्या हलकेपणाची किंमत कोण देणार होतं, तेही तिला समोर दिसत होतं. ती म्हणाली, "चाची, ती जागा बाबांना मी दाखवली होती." तेवढंच. बिस्मिल्लाचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले. "ठाऊक हाये," ती म्हणाली. "दुसरं कोनाले मालूम होतं तिथं? नऊ सालाची होती तू. मी गुलनाजले मारलं होतं त्यापायी, तुले सांगितलं म्हनून. ते मारनं मले अजून सलते."

परत स्टँडकडं येताना गुलनाज म्हणाली, "अब्बांनं मराच्या आधी मले सांगितलं. गेले होते ते. दुरून तुह्या बापाची बिडी दिसली, तसेच वापस फिरले. रस्त्याच्या कडेची माती चादरीत भरली, दोन गोटे टाकले वजनाले. अम्मीचं दूध अजून आटलं नव्हतं, तिनं तिथं जाळात उडी टाकली असती म्हने." ती चालता चालता थांबली. "तुले कसं कळलं पन?" सुचितानं पर्समधून पिशवी काढली आणि सांगितलं, निळ्या पाण्याचं, तिसऱ्या थराचं, आणि पावसाळ्याआधी तिथं मशीन येणार त्याचं. बेसिनचंही सांगितलं. गुलनाजनं पिशवी हातात घेतली नाही. नुसतं एक बोट तिच्यावर ठेवलं, ताप बघतात तसं. "वापस ठेव," ती म्हणाली. "जिथली हाये तिथं. मी येतो तुह्यासंग. आन् अम्मीले कळू देजो नको."

जीप भरायला वेळ होता. बिस्मिल्ला कधी मागून आली ते कळलं नाही. तिच्या हातात सुचितासाठी जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली बोरं होती. ती देऊन ती खिडकीशी उभी राहिली आणि इकडचं तिकडचं विचारल्यासारखं म्हणाली, "कोळदऱ्यात सागं मोठे झाले असतीन आता. सावली पडते का वं खाली?"

सुचितानं बोरांची पुडी मांडीवर घेतली. "पावसाळ्यात पडते चाची."

"आन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात सागाला पान नसतं."

"नसते, नाई का," बिस्मिल्ला म्हणाली, आणि पदर डोक्यावर पुढं ओढून परत निघाली.

अहवाल लिहायला सुचिताला आठ दिवस लागले. प्रकल्पाच्या प्रमुखांनी फोनवर सांगितलं, "एकोणचाळीस वगळा. एक नमुना सगळी सरासरी बिघडवतो आहे. चूक असेल." चूक नव्हती. वगळला असता तर तक्ता स्वच्छ झाला असता, आणि मशीनला वाट मोकळी. तिनं तो तसाच ठेवला आणि खाली लिहिलं, की तिसऱ्या पट्ट्यातल्या जागा तेराभोवतीचा एक एकर तोडू नये, उपटू नये, जाळू नये. जळणं थांबल्यावर बांधलेला फॉस्फरस किती वर्षांनी झाडांना मिळू लागतो हे पाहण्यासाठी तो पन्नास वर्षं राखावा, आणि त्यात सागाखाली करंज, अंजन, बिबा अशी मिश्र झाडं येऊ द्यावीत. एकूणएक वाक्य खरं होतं. शास्त्राच्या दृष्टीनं तर ते फार पूर्वीच करायला हवं होतं. आणि तरीही ते लिहिताना आपण कुणाची तरी झोप राखतो आहोत असं तिला सारखं वाटत होतं, आणि खोलीत कुणी आलं तर ती कागदावर हात ठेवायची. तिनं अहवाल बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पन्नास साल. तोवर कोनी नाई राहात आपल्यातलं." मग चष्मा काढून ठेवत, "बरोबर हाये तेच."

प्रमुखांनी कुरकुर केली, पण वरून एक एकराला मंजुरी आली. बाकीच्या पट्ट्यात मे महिन्यात मशीन फिरलं.

जूनमध्ये, पेरण्या सुरू व्हायच्या आधी, दोघी कोळदऱ्यात गेल्या. एका बाजूला उपटलेल्या बुंध्यांचे खड्डे, लालसर मुळं वर करून पडलेली; मधे दोरी आणि पांढरे खुंट, आणि दोरीच्या आत उभे असलेले तेच खुरटे साग. गिरमिटाचं भोक अजून बुजलं नव्हतं, मनगट जाईल एवढं रुंद, आत अंधार. सुचितानं गुडघे टेकले आणि पिशवीतली माती हळूहळू आत सोडली. बारीक माती पडताना आवाज होत नव्हता. गुलनाज ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. सगळी माती संपल्यावर सुचितानं पिशवी उलटी करून झटकली, मग बोटं झटकली, आणि जे बेसिनमधून गेलं ते कुठून आणायचं असं तिच्या मनात आलं. ते तिला पुढंही येत राहणार होतं, प्रयोगशाळेत, नळ सोडताना, रोज.

भोक वरपर्यंत दाबून बुजवल्यावर गुलनाज उठली आणि झाडाला टेकवून ठेवलेली पाण्याची पांढरी कॅन घेऊन आली. पाच लिटरची, तोंडाला कापडाचा बोळा.

"एवढं पाणी कशाला आणलंस?" सुचितानं विचारलं. "नाल्याला आहे की."

"म्या नाई आनलं," गुलनाज म्हणाली. तिनं बोळा काढला. "मी अम्मीले सांगितलं का बुलढान्याले चाललो, मशीनचे पार्ट आनाले. तिनं फजरले उठून ही कॅन भरली, दारात आनून ठेवली. म्हने, नेजो. माती देली का वरून पान्याचा शिपा लागते."

दोघींनी मिळून कॅन उचलली. काळ्या मातीनं पहिलं पाणी लगेच ओढून घेतलं. दुसरं थोडं थांबून ओढलं. तिसऱ्या वेळी ते वर साचून राहिलं, आणि मग आत जाऊ लागलं, सावकाश, ते पूर्ण आत जाईपर्यंत कुणीच उठलं नाही.